ताईच्या मशीनला चालणारा पेन ड्राइव्ह

ताईच्या दुकानातलं भरतकामाचं मशीन बरंच जुनं होतं आणि त्याला लावायचा पेन ड्राइव्हही त्याच्याच वयाचा. लाल रंगाचा, टोपण कधीच हरवलेला. ताई लॅपटॉपवर डिझाइन तयार करायची, ते पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला लावायची, की सुई धडधडत कामाला लागायची.

त्या सकाळी मुलींच्या हॉकी संघाच्या जर्सी टेबलावर पडल्या होत्या. अंतिम सामना संध्याकाळी. पाठीवर मुलींनी एकमेकींना ठेवलेली टोपणनावं भरायची होती: तोफ, वादळ, चिंगी. गोलरक्षक मुलीचं नाव होतं भिंत.

ताईने पेन ड्राइव्ह मशीनला लावला आणि दोरा ओवायला घेतला, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आत शिरला. तो फोटोग्राफर, सगळे त्याला फ्लॅश म्हणत. सामन्याचे फोटो तोच काढणार होता.

"काय गं ताई, चहा आहे का?" म्हणत तो वळला आणि खांद्यावरची भलीमोठी बॅगही त्याच्याबरोबर वळली. कट् असा आवाज झाला. पेन ड्राइव्ह मशीनपासून लोंबत होता, त्याचं पत्र्याचं तोंड पार वाकडं झालं होतं.

ताईने तो हलकेच उपसून काढला.

"सगळी डिझाइनं गेली?" फ्लॅशने घाबरत विचारलं.

"लॅपटॉपवर आहेत. पण ती मशीनच्या पोटात कशी घालू? चमच्याने भरवू?"

"एवढंच ना!" फ्लॅशच्या जिवात जीव आला. "ताई, तू योग्य माणसासमोर उभी आहेस." त्याने बॅग उघडली आणि जर्सी बाजूला सारून टेबलावर दुकानच मांडलं.

"ही एसएसडी. आत काही फिरत नाही, त्यामुळे धक्का लागला तरी सहसा बिघडत नाही. शिवाय वेगाला तोड नाही. व्हिडिओ एडिट करायचे तर हीच. ही साधी हार्ड डिस्क. आत चकती फिरते, म्हणून हिला जपावं लागतं, पण कमी खर्चात ढीगभर माल मावतो. जुने फोटो मी हिच्यावरच ठेवतो. ही मेमरी कार्डं, कॅमेऱ्यासाठी. आणि हा पेन ड्राइव्ह, अगदी नवा. तुझ्या त्या लालूच्या कितीतरी पट मोठा."

"भाषण छान झालं. आता लाव."

एसएसडी लावली. मशीनच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. हार्ड डिस्क लावली, तर तिचा दिवा मिणमिणला, आतून टिक टिक आवाज आला आणि ती गप्प झाली.

"हिला पुरेशी वीज मिळत नाहीये," फ्लॅश म्हणाला.

कार्ड रीडरमध्ये घालून लावलं, तर मशीनने सरळ नकार दिला. शेवटी नवा पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावरचं घड्याळ गोल फिरू लागलं, फिरतच राहिलं.

"विचार करतंय," फ्लॅश आशेने म्हणाला.

"विचार नाही, बिचारं गोंधळलंय."

इतक्यात कॅप्टनचा फोन आला. "ताई, जर्सी झाल्या ना?"

"होतच आल्यात बघ," एकही टाका घातलेला नसताना ताई गोड आवाजात म्हणाली आणि फोन ठेवून तिने भावाकडे डोळे वटारून पाहिलं.

फ्लॅशचा चेहरा एवढासा झाला. ते बघून ताईचा राग निम्मा ओसरला. ती मशीनवर हात ठेवून म्हणाली, "अरे, याच्या काळात एवढं मोठं काही नव्हतंच. तुझा पेन ड्राइव्ह म्हणजे याच्यासमोर भलंमोठं मैदान. नावं शोधायची कुठे? हा लहान नाही का करता येणार?"

फ्लॅश ताडकन उठला. "येतो की! आतली जागा कापायची! छोटासा भाग वेगळा काढून जुन्या पद्धतीने फॉरमॅट करतो. बाकीची जागा त्याला दिसणारच नाही."

त्याने लॅपटॉप ओढला. पेन ड्राइव्ह कोराच होता, त्यामुळे पुसलं जायची भीती नव्हती. ताईने भराभर डिझाइनं त्यावर घेतली आणि तो मशीनला लावला. पडद्यावर नावं हारीने उभी राहिली. फ्लॅशने आनंदाने हात वर केले, तशी खांद्यावरची बॅग पुन्हा झुलली आणि ताई ओरडली, "बॅग! आधी ती बॅग खाली ठेव!"

मग सुई थांबली नाही. ताई जर्सी बसवत होती, फ्लॅश लोंबणारे दोरे कापत होता. चहा राहूनच गेला. संध्याकाळी सगळा गठ्ठा घेऊन दोघं मैदानावर पोचली, तेव्हा मुली वाटच बघत होत्या. जर्सी हातोहात गेल्या. गोलरक्षक मुलीने आपली जर्सी अंगात घातली आणि मागच्या मुली फिदीफिदी हसायला लागल्या.

"काय झालं?" तिने मान वळवून विचारलं.

पाठीवर लिहिलं होतं 'भित'. घाईघाईत ताईने जुनी, अर्धवट फाइल उचलली होती. अनुस्वारच नव्हता.

"मी कुणाला भीत नाही!" मुलगी रडकुंडीला आली. "समोरच्या संघाने वाचलं तर?"

ताईच्या पर्समध्ये सुईदोरा असायचाच. "हलू नकोस हं," म्हणत ती तिच्या मागे उभी राहिली आणि जर्सी अंगावर असतानाच अक्षराच्या डोक्यावर टपोरं टिंब भरू लागली. पंच शिट्टी वाजवायला आतुर, मुलगी श्वास रोखून ताठ उभी, आणि फ्लॅश गुडघ्यावर बसून धडाधड फोटो काढतोय.

"झाली भिंत!" दोरा दातांनी तोडत ताई म्हणाली.

आणि ती खरंच भिंत झाली. समोरून चेंडू येत राहिले, ती आडवी पडत राहिली. शेवटी तोफेने एकुलता एक गोल मारला आणि ताईने, जिला हॉकीतलं काडीचं कळत नव्हतं, आनंदाने शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. ती हरलेल्या संघाची प्रशिक्षक निघाली.

ताई ओशाळली. पण बाई हसल्या. "असू द्या हो. मला एक सांगा, ही नावं कुणी भरली? आमच्या मुलींनाही हवीत."

ताई तोंड उघडणार, तोच मागून फ्लॅश छाती फुगवून म्हणाला, "माझ्या ताईने!"