ओतोशीच्या बापाचा रुसवा

खुशालराव रुसले नाहीत असं लग्न त्यांच्या घराण्यात आजवर झालं नव्हतं. चांदूर बाजारापासून अकोल्यापर्यंतचे नातेवाईक त्यांचा रुसवा धरूनच बेत आखायचे: मांडव, आचारी, बँड, आणि खुशालरावांना मनवायला दोन दमदार भाचे. तिसऱ्या विनवणीशिवाय ते कधी उठले नाहीत. पण या वेळी ते लग्नाच्या आधीच रुसले आणि धाकट्या भावजयीचं, शकुनचं, सगळंच अडलं. कारण तिच्या नवऱ्याची, ओमप्रकाशची, थोरल्या भावाशिवाय मांडवात पाऊल टाकायची छाती नव्हती. "दादा नाई तं लगन नाई," असं त्यानं सांगून टाकलं होतं.

झालं होतं असं, की शकुनचा मुलगा शुभम नांदगाव पेठेतल्या कापड गिरणीत कामाला, आणि तिथे नवे माग बसवायला जपानहून आलेली हारुका त्याला आवडली. त्याहून नवल म्हणजे तो तिला आवडला. पोरगी कामगारांच्या संगतीनं वऱ्हाडी शिकली होती आणि चहाला सरळ 'च्या' म्हणत होती. शकुनला ती पहिल्याच दिवशी पटली. घोडं अडलं ते खुशालरावांच्या फोनवरच्या दोन प्रश्नांपाशी.

"पोरीचं कुळदैवत कोनतं? अन् पोरीकडून कोन येनार?"

येणारं कोणीच नव्हतं. हारुकाचे आईबाप लहानपणीच गेले होते, वाढवणारी आजीही आता राहिली नव्हती. "मंग लगन लावता कोनासंग?" असं म्हणून खुशालरावांनी फोन ठेवला.

शकुनचं अमरावतीच्या बाजारात फुलांचं आणि भाजीचं दुकान. त्या संध्याकाळी गजरे ओवता ओवता तिनं हारुकाला विचारलं, "तुह्या गावात देऊळ हाये का वं?"

"हाये ना. ओतोशीचं."

ओतोशी म्हणजे पिकाचा आणि नव्या वर्षाचा देव. वर्ष लागलं की तो घरोघर पाहुणा येतो आणि लोक त्याच्यासाठी तांदळाचे गोल गोळे मांडून ठेवतात, असं हारुकानं सांगितलं. देव शकुनला बरा वाटला. पण नुसत्या मुलाकडे पाहून कोणी स्थळ पसंत करतं का? तिनं घराणं काढलं.

"भाऊ काय करते त्याचा?"

"तो धान्याचा देव हाये."

"अन् पोरं?"

"लय हायेत. त्याच्यातले दोघं बहीणभाऊ चुलीचे देव."

"माय?"

"मोठ्या बाजाराची देवी."

शकुनची सुई थांबली. खाऊनपिऊन सुखी, घरात धान्य, चूल पेटती, आणि सासू बाजार सांभाळणारी. असं घराणं पंचक्रोशीत दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं. तिला इतका आनंद झाला की तो गजरा तिनं हारुकाच्याच केसांत माळून टाकला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी बाजारात पोचली. लिंबं विकणारी मैना म्हणाली, "मंग आपन त्या बाजाराच्या देवीच्याच लेकी झालो. पोरगी आपल्या माहेरची." दुपारपर्यंत अख्खी भाजीची ओळ मुलीकडची झाली. कोण रुखवतात वांग्यांचं मखर मांडणार, कोण मिरच्यांची झुंबरं ओवणार, यावरून जुंपली. काल शकुनशी कढीपत्त्यावरून भांडणाऱ्या बाया आज तिला विहीणबाई म्हणू लागल्या. पत्रिकाही छापून आली, वर ठसठशीत 'श्री ओतोशी प्रसन्न'.

पहिली पत्रिका घेऊन शकुन आणि हारुका चांदूर बाजारला गेल्या. खुशालराव अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी आई ऐकली, भाऊ ऐकला, चुलीपाशी बसणारी लेकरं ऐकली. तोंड काही सैल झालं नाही.

"देवाचा बाप कोन?"

हारुका जरा घुटमळली. "सुसानो. तुफानाचा देव. लय रागीट. यकडाव त्यानं बहिनीच्या धानाचे बांध फोडले. मंग सगळ्या देवाईनं त्याची दाढी कापली अन् त्याले हाकलून देलं."

शकुननं डोळे मिटले. आता ही सोयरीक मोडली, असंच तिला वाटलं. खुशालरावांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला.

"त्याले मनवाले कोनी नाई गेलं?"

"नाई."

"येवढ्या देवाईतून येकही?"

"नाई, आबाजी."

खुशालराव पत्रिका घेऊन घरात गेले ते बाहेर आलेच नाहीत. शकुन रडकुंडीला येऊन परतली.

लग्नाच्या सकाळी ओमप्रकाश मांडवाच्या दारात वाटेकडे डोळे लावून उभा होता. मुहूर्त जवळ आला तसे खुशालराव आले, फेटा बांधून, छाती काढून. मुलाकडच्या मंडळींना ओलांडून ते सरळ भाजीवाल्या बायांच्या मधोमध जाऊन बसले.

"दादा, इकडं कावून बसले?"

"मी पोरीकडचा," खुशालराव म्हणाले.

आणि लगेच रुसले. मुलीच्या माणसांना च्या गार मिळाला म्हणे. खुर्ची उचलून ते फाटकापाशी गेले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. भाचे धावले, ओमप्रकाशनं हात जोडले. वरबापाला मुलीकडच्यांपुढे वाकताना पाहून मैनाच्या ओळीत हसण्याचा नुसता कल्ला झाला. शकुननं तोंडात पदर कोंबला, तरी हसू काही आवरेना. लग्न लावणारे उद्धव महाराज अंतरपाट घेऊन घड्याळ पाहत होते.

मुंडावळ्या सावरत हारुकानं विचारलं, "आबाजी कावून रुसले?"

"तुह्याकडून रुसून राहिले," शकुन म्हणाली. "पोरीकडलं कोनी रुसलं नाई तं पोरीले कोनी नाई असं वाटते."

हारुकानं गरम च्याचा कप उचलला आणि सगळा मांडव पार करून फाटकाशी गेली. तिचे डोळे भरले होते.

"चाला आबाजी," ती म्हणाली. "आपल्या घरचं लगन हाये."

खुशालराव पहिल्याच विनवणीला उठले.