थोरली कोण?

सदाशिव पेठेतल्या कुमुद इनामदार आणि कोथरूडच्या शरयू भागवत या दोघी जुन्या नटी चाळीस वर्षं एकमेकींना 'ताई' म्हणत आल्या. त्यात माया नव्हती. जिला ताई म्हटलं ती आपोआप थोरली ठरते, एवढाच हेतू होता.

हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मराठी भाषा दिनाला शरयूबाईंना 'ज्येष्ठ अभिनेत्री' पुरस्कार जाहीर केला, तेव्हा कुमुदबाईंनी हातातला चहा अर्धाच ठेवला. त्यांनी थेट कंपनीत फोन लावला.

"शरयूच का म्हणून?"

"मॅडम, आम्हाला सगळ्यात सीनियर आर्टिस्ट हवी होती," कार्यक्रम पाहणारी शेफाली म्हणाली.

"मग मी मोठी आहे. चांगली तीन वर्षांनी."

"पण इंटरनेटवर तर तुम्ही त्यांच्याहून लहान आहात."

"ते मीच सांगितलं होतं. साफ खोटं आहे."

शेफालीनं शरयूबाईंना हे कारण कळवलं आणि पुरस्कार कुमुदबाईंना मिळाला. समारंभात शरयूबाई आपणहून मंचावर आल्या, कॅमेऱ्यांकडे तोंड राहील अशा बेतानं वाकून त्यांनी नमस्कार केला आणि माइकवर म्हणाल्या, "आशीर्वाद द्या, ताई. थोरली कोण ते अखेर आपणच कबूल केलंत, कान तृप्त झाले."

"औक्षवंत हो," कुमुदबाई म्हणाल्या. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

तो फोटो सगळीकडे छापून आला आणि महिन्याभरात दोघींना एकाच मालिकेत काम मिळालं. शरयूबाई नायकाची आई झाल्या आहेत, आणि कुमुदबाई शरयूबाईंची.