कस्तुरीच्या दाताचा कोपरा

मी प्लास्टरचा जबडा बोलतोय. वरचा. मला जीभ नाही, डोळे नाहीत, पण दात आहेत, आणि दात असलेल्यानं गप्प का बसावं? कस्तुरीचं तोंड मला जेवढं ठाऊक आहे तेवढं तिच्या आईलाही नाही. छाती नसली तरी हे मी छातीठोकपणे सांगतो.

शहाण्णव साली कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात, बस स्टँडसमोरच्या माडीवर, डॉक्टर स्मितांच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. त्यांनी कस्तुरीच्या तोंडात ओल्या कणकेसारखा एक गुलाबी गोळा दाबून धरला. तो घट्ट झाल्यावर काढला आणि त्याच्या खळग्यांत प्लास्टर ओतलं. ते आळलं आणि मी बाहेर आलो. तिचा दात तसा माझा दात. पुढच्या दाताचा तुटका कोपरासुद्धा तसाच.

त्या कोपऱ्यापायीच ती आली होती. कापडाच्या दुकानात ती गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायची. हसू आलं की एक हात तोंडावर जायचा आणि साडी निम्मी घसरायची.

बरोबर धाकटा भाऊ मंजुनाथ होता. शाळा अर्ध्यात सोडून यशवंतपूरच्या बाजारात कांद्याची पोती उचलायचा. खुर्चीत तो बसेचना.

डॉक्टर सांगत होत्या, "दोन उपाय आहेत. एक व्हिनीअर. दाताच्या फक्त पुढच्या बाजूला नखाएवढा पातळ पापुद्रा चिकटवायचा. त्यासाठी दात अगदी थोडा घासावा लागतो. दुसरा क्राऊन, म्हणजे टोपी. तिच्यासाठी दात चारी बाजूंनी तासून बारीक करायचा आणि वरून टोपी बसवायची."

"टोपीच बसवा, मॅडम," मंजुनाथ म्हणाला. "पापुद्र्याचं काय खरं? भजी खाताना निघून यायचा."

"तू गप्प बस स्वल्प, थोडा वेळ. दात माझा आहे, लॉरीचा टायर नाही." मग कस्तुरी डॉक्टरांकडे वळली. "लहानपणी ह्याचे पुढचे दात पडले होते. संक्रांतीला ऊस पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. मी दातानं सोलून देत होते, एका पेरावर हा कोपरा गेला. आणि आता हाच मला टोपी घालतोय!"

डॉक्टर हसल्या. "दात फार मोडलेला असता किंवा आतली नस मेलेली असती, तर मीही क्राऊनच सुचवला असता. पण तुझा दात जिवंत आहे, मजबूत आहे. एवढ्याशा कोपऱ्यासाठी तो तासायचा का, ते तू ठरव."

"जिवंत आहे ना? मग राहू दे जिवंत. पापुद्राच लावा."

तिनं बरोबर ठरवलं. माझ्यासारखे जबडे हवे तितके ओतता येतात. तासलेला दात पुन्हा ओतता येत नाही.

काम झाल्यावर कसं दिसेल ते दाखवायला डॉक्टरांनी माझ्या तुटक्या कोपऱ्यावर पांढरं मेण लावलं. कस्तुरीनं मला दोन्ही हातांत धरलं, आपलेच दात समोर बघितले आणि खदखदून हसली. तोंडावर न्यायला हात उरलाच नव्हता. मंजुनाथ बघत राहिला.

"अक्का, रोज अशीच हस की!"

"दिवाळी होऊ दे. आता दुकानात गर्दी, रजा कोण देतंय?"

दिवाळीच्या आधीच तापानं तिला नेलं.

मी दवाखान्याच्या फळीवर इतर जबड्यांच्या रांगेत तिची वाट बघत होतो. मंजुनाथ एकटाच आला तेव्हा मला कळलं. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. बाकावरच्या पेशंटना ओलांडून तो सरळ आत घुसला.

"अक्काचे दात द्या."

"मंजुनाथ, आधी बस."

"बसायला नाही आलो. आई भिंतीवर लावायला फोटो मागतेय. आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत तिचे ओठ मिटलेले, नाहीतर हात आडवा. तसली अक्का मी भिंतीवर लावणार नाही. मला ती हसताना पाहिजे."

डॉक्टर उठल्या. त्यांनी मला कापसात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

जवळच व्यंकोजी राहायचे. बेळगावकडचे. फोटो बघून रंगीत चित्र काढून द्यायचे. मंजुनाथनं त्यांच्यापुढे ओठ मिटलेला एक फोटो ठेवला आणि शेजारी मला.

"तम्मा, पोरा, गेलेल्या माणसाचा फोटो आणतात, चष्मा आणतात," व्यंकोजी म्हणाले. "दात घेऊन आलेला तूच पहिला."

पण माणूस कसबी. मला उजेडात फिरवून बघत त्यांनी पेन्सिलीनं हसू काढलं. माझ्यावर मेण होतं, म्हणून त्यांनी दात पुरा काढला. "बघ. नटी झक मारेल!"

मंजुनाथ चित्राकडे बघत राहिला.

"ही कोण?"

"तुझी अक्का."

"नव्हे."

त्यानं मला उचललं. आता हा मला भिंतीवर फोडतो, असंच मला वाटलं. पण पोती उचलणारी ती बोटं हलकी पडली. नख लावून त्यानं मेण काढलं. सालीसारखं सुटून आलं.

"असा काढा," तो म्हणाला. "हा कोपरा माझ्या उसाला गेलाय."

व्यंकोजींनी खोडरबर घेतलं.

आता ते चित्र भिंतीवर आहे आणि मी त्याच्याखालच्या फळीवर. आईनं पहिल्या दिवशी चित्रातल्या दातावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हसली गं बाई माझी." भेटायला येणारं कुणीतरी म्हणतंच, "दात तेवढा करून घ्यायला हवा होता." मंजुनाथ तावातावानं उठतो, आई त्याला हात धरून बसवते.

माझं एकच मागणं आहे. माझ्यावरची धूळ पुसा, हवं तर फळी बदला, पण हा कोपरा भरू नका. पापुद्रा की टोपी हे जिनं ठरवायचं तिनं ठरवलं होतं. तिच्यामागे दुसऱ्या कुणी ते ठरवायचं नाही.

यंदा घरात सण नाही. तरी संक्रांतीला मंजुनाथ ऊस घेऊन आला, चित्रासमोर बसून आपल्या दातांनी सोलला आणि पहिलं कांडं माझ्यापुढे ठेवलं.