वास नसलेला फवारा

टाळेबंदीत घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूकडे सुकन्या संशयाने पाहत असे, आणि तिचा संशय अगदीच निराधार नव्हता. ती दूध शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती. समोरचा माणूस कितीही देवभोळा असला, तरी त्याच्या कॅनमध्ये पाणी आहे, साखर आहे की युरिया, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, हे तिला तिथे रोज सकाळी नव्याने पटत असे. नवरा सुप्याच्या कारखान्यात अडकून पडलेला. घरात ती आणि सासू, राहीबाई. म्हणून दुकानात जायचे काम तिच्याकडेच आले होते.

गावात लिंबाच्या पाल्याचा धूर सुरू होता, कापराच्या पुड्या गळ्यात लटकत होत्या. सुकन्याचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. पिशवीवरून किंवा भाजीवरून हा रोग पसरतो, याला तिला पुरावा सापडला नव्हता. पसरत नाही, यालाही सापडला नव्हता. अशा वेळी काळजी घेणे बरे, एवढेच ती म्हणे. घरात आल्यावर ती पिशवी ओट्याबाहेर दोरीवर उन्हात टांगे, हात साबणाने धुई आणि राहीबाईला कशालाही हात लावू देत नसे.

"मला काय, पाटावर बसवून पूजाच करा माजी," राहीबाई म्हणे. "भाजी निवडायची न्हाई, पिशवीला शिवायचं न्हाई."

"आत्या, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

"तू मागल्या म्हैन्यातबी हेच म्हणली हुतीस."

शेवगावचा बाजार बंद झाल्यापासून गावाचा सगळा भार मारुतीच्या देवळासमोरच्या गहिनीनाथच्या किराणा दुकानावर पडला होता. तेल-साखरेबरोबर आता तो भाजीही ठेवी. गावातल्याच विहिरींवरची मेथी, काकडी, मिरची. गावच्या समितीने एक नियम केला होता: दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिशवीवर आणि जुडीवर औषधाचा फवारा मारायचा. समितीचे प्रमुख छगन आबा. फवारा मारायला त्यांचाच पुतण्या कल्याण, पाठीवर कांद्याच्या रानातला पंप घेऊन. पंप धुतला का, असे सुकन्याने पहिल्याच दिवशी विचारले होते.

"तीनदा धुतला, वैनी. साबू लावून."

पंपात ग्रामपंचायतीने आणलेले हायपोचे, म्हणजे कपड्याचा रंग उडवणाऱ्या ब्लीचचे पाणी असे, फरशी पुसायला वापरतात त्या जातीचे. त्याने सुकन्याच्या पिशवीचा नाश केला. गर्द जांभळ्या कापडाची पिशवी. आठवडाभरात तिच्यावर नारिंगी, फिकट ठिपके उमटले. तिला ते पाहून बरेच वाटले. ठिपके म्हणजे काहीतरी घडत असल्याची खूण होती. पुढे पिशवीचा बंद तुटला, तेव्हा तिने उरलेल्या त्याच कापडाची नवी पिशवी शिवली.

बिघडले ते इथे. ऊन तापू लागले होते. हायपोचा निळा कॅन देवळाच्या ओट्यावर दिवसभर उघड्यावर. एके सकाळी रांगेत, चुन्याच्या गोलात उभी असताना, सुकन्याने मास्क जरा खाली ओढला आणि ओल्या पिशवीचा वास घेतला. काही नाही.

"कल्याण, याला वास कुठाय?"

"कशाचा वास?"

"हायपोचा. तो कॅन उन्हात ठेवला तर त्याची ताकद निघून जाते. हे आता नुसतं पाणी आहे. पाण्याचे शिंतोडे अंगावर घ्यायला उभे आहोत का आम्ही?"

तिचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होते. रांगेने मात्र त्यातला फक्त गंमतीचा भाग उचलला.

"कल्याण्या, तीर्थ शिंपडतोस व्हय रं?" मागून भिमाजी ओरडला.

"दक्षिणा किती म्हाराज?" आणखी कोणीतरी.

कल्याणचे कान लाल झाले. तो पुढच्या पिशवीकडे वळला.

दोन दिवसांनी पुन्हा गेली, तेव्हा फवाऱ्याला वास होता. चांगला, तिखट, दुहेरी मास्कमधूनही जाणवणारा. "आता कसं," भिमाजी म्हणाला, "डोळ्याला झोंबतंय म्हंजे कायतरी हाय." सुकन्याने मान डोलावली. तक्रार केली, दखल घेतली गेली, सुधारणा झाली. तिच्या लेखी विषय संपला.

त्या आठवड्यात गावात माणसे पडू लागली.

पहिली राहीबाई. दुपारी पिठले-भाकरीबरोबर तिने कच्च्या मेथीची काडी-काडी मोडून खाल्ली, वर्षानुवर्षे खात आली तशी. शिजवून खा, असे सुकन्याने तिला अनेकदा सांगितले होते; "मेथी शिजवली तर पिठल्याला तोंडी काय लावू?" हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पाण्याच्या तांब्यात बुचकळून काढली, तेवढेच तिचे धुणे. दिवस कलायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या, घामाने लुगडे भिजले, तोंडातून लाळ गळू लागली. मग भिमाजीच्या घरातले दोघे. मग खुद्द छगन आबांची थोरली सून.

सगळ्यांनी मेथी गहिनीनाथच्या दुकानातून आणली होती. आणि गहिनीनाथकडे त्याचा भाऊ अंगद आणि भावजय दिपाली ऊसतोडीवरून परतले होते. शाळेत वेगळे राहण्याची मुदत त्यांनी पुरी केली होती, तपासणी झाली होती, तरी दुकानाच्या मागच्या खोलीत राहून ती दोघे भाजीच्या जुड्या बांधतात, हे गावाच्या डोळ्यात सलतच होते.

संध्याकाळी छगन आबा सुकन्याच्या अंगणात येऊन उभे राहिले, उपरणे नाकाला लावून.

"कशी हाय म्हातारी?"

"उलट्या थांबल्यात. थकलीय."

"त्या गहिन्याच्या घरात एकालाबी काय झालं न्हाई. ध्यानात येतंय का? आमच्या पोटात घालायचं आन सोता खायचं न्हाई." आबा थांबले. "ते दोघं कारखान्यावरनं काय घेऊन आले कुनाला ठावं. तू शिकलेली हायस. तूच सांग, भाजीवरनं यिऊ शकतं का न्हाई?"

सुकन्याने विचार केला. दिपालीला तिने परवा खोकताना पाहिले होते, तोंडावर पदर न घेता. पुरावा नव्हता. पण पुरावा नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे.

"शक्यता नाकारता येत नाही," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत या वाक्याचा अर्थ 'मला माहीत नाही' एवढाच होतो. आबा मारुतीच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर त्याचा अर्थ 'सुकन्याबी म्हणली' असा झाला होता. सकाळी दुकानाला कुलूप घालायचे आणि गहिनीनाथचे सगळे घर उचलून शाळेत, पत्र्याखाली, नेऊन ठेवायचे, असे समितीने त्याच संध्याकाळी ठरवले.

पहाटे राहीबाईने हाक मारली.

"सुकन्या, दिवा मोठा कर गं. लई अंदार वाटतोय."

घरात बल्ब चालू होता. सुकन्या तिच्याजवळ वाकली आणि पहिल्यांदाच नीट पाहिले. अंधुक खोलीत माणसाची बुबुळे पसरायला हवीत. राहीबाईच्या डोळ्यांतला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. उशीवर लाळेचा डाग. ताप? तिने थर्मामीटर लावला. नव्हता. काल संध्याकाळीही नव्हता; काल तिने त्याकडे 'अजून नाही' म्हणून पाहिले होते.

ताप नाही, खोकला नाही. लाळ, घाम, उलट्या आणि बारीक झालेली बुबुळे. हे कोणत्या साथीचे वर्णन नव्हते. पिकावर औषध मारताना ते अंगात भिनलेल्या गड्याला शेतातून बैलगाडीत घालून आणतात, त्याचे होते.

तिने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी बुबुळांबद्दल दोनदा विचारले, मग म्हणाले, "लगेच शेवगावला न्या. आणि बाकीच्यांनाही. घरात फवारणीचं औषध कुठं उघडं होतं का?"

घरात औषधाची बाटली नव्हतीच. सुकन्या बाहेर आली. दोरीवर दोन्ही पिशव्या टांगलेल्या होत्या. एकाच कापडाच्या, एकाच दुकानाच्या, एकाच पंपाखालून गेलेल्या. जुनीवर नारिंगी ठिपके. नवीही चार-पाच वेळा भिजली होती, पण तिच्यावर एकही ठिपका नव्हता. कापड शिवले त्या दिवशी होते तितकेच गर्द. तिने मास्क काढून नवी पिशवी नाकाशी धरली. वास होता. तिखट होता. हायपोचा नव्हता.

आणि मग गहिनीनाथच्या घराचाही उलगडा झाला. फवारा दुकानातून बाहेर पडणाऱ्या जुडीवर मारला जाई. आत राहणारी जुडी कोरडीच. आत तीच मेथी खाऊनही माणसे धडधाकट राहिली असणार, कारण ती गिऱ्हाईक नव्हती. काल हाच पुरावा तिच्या अंगणात उभा केला गेला होता आणि तिने तो उलटा वाचला होता.

राहीबाईला तिने शेजारच्या टेम्पोत बसवले, सोबत शेजारीण दिली. "तू न्हाई येत?" राहीबाईने विचारले. "मागून येते, आत्या. आधी दुकानात जायचंय." एक काचेचा पेला घेऊन ती देवळाकडे निघाली.

दुकानासमोर माणसे जमली होती; त्या सकाळी चुन्याच्या गोलात कोणीच उभे नव्हते. छगन आबांच्या हातात पितळी कुलूप. पायरीवर गहिनीनाथ, त्याच्या मागे दाराला धरून दिपाली.

"आबा, माजी दोन पोरं हायेत," गहिनीनाथ म्हणत होता. "पत्र्याखाली ह्या उन्हात? काय केलंय आमी?"

"आमी बी तीच मेथी खाल्ली, देवाशपथ," दिपाली म्हणाली.

"मंग तुमालाच कसं काय झालं न्हाई?" भिमाजीचा आवाज चढला. "माजी बायको अंतरुणाला खिळली, आन तू बोलतीस!"

सुकन्या सरळ कल्याणपाशी गेली. "यात फवारा सोड," म्हणत तिने पेला पुढे केला.

"कशाला, वैनी?"

"सोड."

कल्याणने दांडा हलवला. पेला भरला. पाणी दुधासारखे पांढरे होते. सुकन्याने तो उंच धरला. तिच्या केंद्रात पांढरे दिसते ते सगळे दूध नसते; आणि हायपो तर कधीच पांढरा होत नाही. पाण्यात पडल्यावर पांढरे होते ते तेलकट औषध, कांद्यावर फुलकिड्यांसाठी मारतात ते.

"कल्याण, हायपो कधी संपला?"

कल्याणने आबांकडे पाहिले. आबांनी कुलपाकडे.

"लई दिवस झाले," तो शेवटी म्हणाला. "पंचायतीत मागितला तर म्हणले, नगरहून यायचाय. आन तुमीच म्हणल्या की, वैनी, वास न्हाई म्हणून. सगळे हसले. मंग कांद्याचं राहिलेलं हुतं त्यातलं झाकणभर टाकलं. ते किड्याला मारतं. ह्यो रोग तर किड्याहून बारका, डोळ्यालाबी दिसत न्हाई. म्हणलं ह्यो काय टिकतोय त्याच्यापुढं."

कोणी हसले नाही. तर्क सगळ्यांना समजला, कारण त्या जागी बहुतेकांनी तेच केले असते.

"मेथीत रोग नव्हता," सुकन्या म्हणाली. "विष होतं, आणि ते दुकानाबाहेर पडल्यावर लागलं. ज्यांनी कच्ची खाल्ली ते पडले. काल मी आबांना जे म्हणाले ते चूक होतं. ज्यांना त्रास होतोय त्यांना आत्ता शेवगावला न्या; यावर इंजेक्शन आहे."

भिमाजी आधी हलला. तो घराकडे पळतच सुटला. आबांनी कुलूप बंडीच्या खिशात टाकले, वरून खिसा थापटला आणि कल्याणला म्हणाले, "ठेव तो पंप खाली." गहिनीनाथला मात्र ते काहीच म्हणाले नाहीत.

चार दिवसांत सगळे घरी परतले. राहीबाईही, येताना मेथीबद्दल एक शब्द न काढता. अंगद-दिपालीला कोणी हटकले नाही. पण गावाने मधल्या काळात हकिगतीला नवी बैठक दिली होती: पंपात औषध टाकायला सुकन्यानेच लावले, शिकलेल्या माणसाचे हे असे. तिने एक-दोन ठिकाणी खुलासा केला, आणि त्यात निम्मे सत्य आहे हे लक्षात आल्यावर सोडून दिला.

दुकान उघडे राहिले, पण भाजी पडून राहू लागली. साखर जाई, तेल जाई. मेथीपाशी आले की माणसे हात मागे घेत. गहिनीनाथने शेवटी स्वतःच एक रीत सुरू केली. गिऱ्हाईक जुडी मागे, तेव्हा तो तिच्यातली एक काडी मोडी, पानासकट तोंडात टाकी, चावे, गिळे आणि मग जुडी पुढे करी. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे, प्रत्येक जुडीतली.

सुकन्या गेली तेव्हा तो तिच्याशी बोलला नाही.

"गहिनीभाऊ, एक मेथी द्या."

त्याने जुडी उचलली. एका काडीवरून अख्ख्या जुडीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कमी मात्रेचा परिणाम लगेच दिसत नाही. आणि बाकीच्या काड्यांची तपासणी तर झालेलीच नसते. सुकन्याला हे तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त नेमके माहीत होते. खायची गरज नाही, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आलेही.

तिने ते उच्चारले नाहीत. गहिनीनाथने काडी मोडली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत, तो गिळेपर्यंत उभी राहिली, आणि मग पिशवी पुढे केली.