एकास चार

"तेवढा एक आकडा बदला, बाई. बाकी तक्ता उत्तम झालाय," शिक्का म्हणाला.

शिक्का म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा खरेदी अधिकारी. समोर येईल त्या कागदावर न वाचता शिक्का मारतो, म्हणून पाठीमागे सगळे त्याला शिक्काच म्हणतात. मला मशीनबाई म्हणतात, तेही पाठीमागेच. सव्वीस वर्षं मी तळघरातली मशीनची खोली सांभाळते. या हॉस्पिटलात कुणाच्याही छातीचा, डोक्याचा, गुडघ्याचा स्कॅन निघाला की तो माझ्या खोलीतल्या डिस्कवर येऊन पडतो आणि डॉक्टरांनी मागितला की परत वर जातो. जुनं मशीन थकलं होतं. नवं कुठलं घ्यायचं याची तुलना करायला मला सांगितलं होतं आणि सहा आठवडे घालून मी ती केली होती.

पत्रकं वाचून तुलना कुणीही करतं. मी तीन कंपन्यांकडून चाचणीसाठी मशीनं मागवली आणि प्रत्येकावर आमचेच शंभर टेराबाइट स्कॅन चढवले. चालू मशीनमधून डिस्क हाताने ओढून काढली आणि वर डॉक्टरांना स्कॅन उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं. सुट्टीच्या दिवशी कंपनीला फोन लावून कोण उचलतं तेही बघितलं. पहिलं मशीन महाग होतं, पण दणकट. दुसऱ्यातली डिस्क काढल्यावर एक स्कॅन उघडायला चाळीस सेकंद लागले, ते मी तिथेच बाद केलं. तिसरं वेगात सगळ्यांच्या पुढे होतं आणि तेही मीच लिहिलं होतं. मला कुणाचं वावडं नाही.

भांडण तिसऱ्याच्या जागेवरून होतं. मशीन तीनशे टेराबाइटचं. पण कंपनीचं पत्रक म्हणत होतं की आमचं मशीन माहिती दाबून बसवतं, एकाच्या जागेत चार मावतात, तेव्हा हे बाराशेचं समजा. पत्रव्यवहार, पगारपत्रकं, असल्या कागदांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण स्कॅन मुळात यंत्रातून निघतानाच दाबून येतात. पिळलेला टॉवेल पुन्हा पिळून किती पाणी निघणार? मी शंभर टाकले, सत्त्याण्णवची जागा गेली. म्हणून तक्त्यात मी तीनशे लिहिलं होतं, आणि शिक्क्याला तिथे बाराशे हवं होतं.

बाराशे धरलं की तिसरं मशीन पहिल्याच्या दुप्पट मोठं आणि किमतीने निम्मं दिसत होतं. मग तुलनेची गरजच काय, सरळ निकाल लावून मोकळं व्हायचं.

बैठकीत मुख्य खुर्चीवर हॉस्पिटलचे प्रशासक बसले होते, त्यांच्या बाजूला तिसऱ्या कंपनीचा विक्रेता. खरेदीच्या बैठकीत विक्रेता कशाला, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर तांत्रिक शंकांसाठी बोलावलंय म्हणाले. मग मी माझा हिशोब त्यांच्यापुढे ठेवला. आज आपले दोनशे सोळा टेराबाइट भरलेले आहेत, दर महिन्याला सहाची भर पडते.

"साहेब, हे मशीन चौदा महिन्यांत भरेल," मी म्हटलं. "भरलं की नवा स्कॅन ठेवायला जागा नाही. मग जुने पुसावे लागतील. माणसांचे जुने स्कॅन."

"कंपनी लेखी देते आहे ना?" प्रशासक म्हणाले.

"कंपनी 'चार पटींपर्यंत' असं लिहून देते. एक पट झाली तरी ती काही खोटं बोलली असं होत नाही."

विक्रेता हसला. त्याचं हसूसुद्धा इस्त्री केलेलं होतं. जगात हजारो ठिकाणी चालतंय, मॅडम, म्हणाला. मी म्हटलं, त्या हजारांपैकी एका हॉस्पिटलचा फोन नंबर द्या, मी आत्ता लावते. तो वहीत काहीतरी लिहायला लागला. माझा आवाज चढला होता, हे मला शिक्का मागे सरकून बसला तेव्हा कळलं. प्रशासकांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, तक्ता इथेच राहू द्या, आम्ही बघतो.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईकाने कितीही हट्ट केला तरी पाव नंबर इकडचा तिकडे न करणारा माणूस. मला वाटलं, हा तरी माझी बाजू घेईल.

"आकडा तुझा नाही ना? कंपनीचा आहे. मग तुला काय?" तो म्हणाला.

"उद्या एखाद्याला बरं वाटावं म्हणून तू अर्धाच नंबर सांगशील?"

तो जेवता जेवता थांबला. मग म्हणाला, "तुझी तीन वर्षं राहिलीत. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस?"

मी ताट उचललं आणि आत गेले. त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. शिक्क्याचा राग परवडतो, कारण त्याच्याकडून काही अपेक्षाच नसते.

आठ दिवसांनी खरेदीचा आदेश निघाला, तिसऱ्या मशीनचा. सोबत माझा तक्ता जोडलेला. दुसऱ्या पानावर बाराशे, आणि शेवटच्या पानावर 'तुलनाकर्ता' याच्यापुढे माझी सही, माझ्याच हातची, माझ्याच निळ्या पेनाची. मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही पडली नव्हती. चार पानांच्या तक्त्यावर मी सही फक्त शेवटच्या पानावर केली होती. मधलं एक पान काढून दुसरं घातलं, काम झालं. सव्वीस वर्षं मी इतरांना सांगत आले की सगळं दोन ठिकाणी ठेवा, आणि स्वतःच्या कागदाची एक प्रतही न ठेवण्याइतकी बावळट निघाले. तळपायाची आग मस्तकात गेली, ती निम्मी स्वतःवरचीच होती.

वर जाऊन विचारलं तर शिक्का म्हणाला, पान खराब झालं होतं, बदललं. मी प्रशासकांना लेखी कळवलं की हा आकडा माझा नाही, मशीन चौदा महिन्यांत भरेल. पोच मिळाली, उत्तर नाही. स्कॅन विभागाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. जुन्या स्कॅनशिवाय त्यांचं पान हलत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी त्या बैठकीला नव्हतो हो. इतकी शिकलेली माणसं मूग गिळून बसतात तेव्हा मला त्यांच्या पदव्या भिंतीवरून उतरवाव्याशा वाटतात.

नवं मशीन आलं. चकचकीत, वेगवान. त्याचं जोडीचं मशीन पलीकडच्या इमारतीत बसलं. इथे लिहिलं की तिथे लिहिलं जातं, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. जुनं मशीन कंपनी बदल्यात घेऊन गेली. पहिले काही महिने सगळे खूश होते. कॅन्टीनमध्ये शिक्का मला ऐकू जाईल असं म्हणायचा, उगाच घाबरवत होत्या. मी दर महिन्याच्या एक तारखेला भरलेल्या जागेचा आकडा त्याला कागदावर पाठवत होते. महिन्याला सहा. एकदा सात.

तेराव्या महिन्यात मशीनने तांबडा दिवा दाखवला. कंपनीला फोन केला. तो विक्रेता नोकरी सोडून दुसरीकडे गेला होता. जो बोलला तो अगदी नम्रपणे म्हणाला, तुमची माहिती दाबण्याजोगी नाही, मॅडम. जणू दोष माहितीचाच. जागा वाढवून मिळेल म्हणाला. तिची किंमत ऐकली तर तेवढ्यात आम्ही नाकारलेलं पहिलं मशीन आलं असतं. खरेदी समितीने ठरवलं, पुढच्या वर्षी बघू. तोपर्यंत सहा वर्षांपेक्षा जुने स्कॅन पुसावेत.

आदेश माझ्या नावाने आला, कारण पुसण्याचा अधिकार मशीनने फक्त माझ्या हाताला दिलाय. त्यात एक वाक्य होतं: 'तुलना तक्त्यात वर्तवलेली क्षमता प्रत्यक्षात न मिळाल्यामुळे.' म्हणजे चूक तक्त्याची, आणि तक्ता माझा. मी तो कागद घेऊन प्रशासकांच्या दारात उभी राहिले. त्यांनी आत बोलावलं नाही, दारातच म्हणाले की आता मागचं उगाळून काय होणार. मी म्हटलं, मी पुसणार नाही.

दोन दिवस पुसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अपघात विभागातून फोन आला. एका मुलीच्या डोक्याचा स्कॅन काढला होता आणि तो साठतच नव्हता. मशीन जागा नाही म्हणत होतं आणि डॉक्टर पडद्यासमोर वाट बघत उभे होते. ती मुलगी किती वर्षांची, कुणाची, मला माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसले आणि आज्ञा टाइप केली. मशीनने विचारलं, खात्री आहे का? मी हो दाबलं. चाळीस मिनिटांत ऐंशी हजारांवर स्कॅन गेले. इतक्या वर्षांत मी एक हरवू दिला नव्हता. मुलीचा स्कॅन साठला, वर गेला. मी खोलीत बसून शिव्या दिल्या. मशीनला, शिक्क्याला, त्या हसऱ्या पोराला, स्वतःला. पंख्यांचा आवाज इतका असतो तिथे की कुणाला ऐकू जात नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी नोंदणीच्या खिडकीवरून फोन आला. एक सुतार आला होता. खिडकीवरच्या मुलीने एक तारीख सांगितली, सात वर्षांपूर्वीची, आणि विचारलं, छातीचा स्कॅन आहे का? तिला वरून सूचना होती की पुसलेले जुने स्कॅन मागणाऱ्यांना 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' एवढंच सांगायचं. तरी तिने मला फोन केला, हे तिचं चांगुलपण. मी म्हटलं, त्यांना थांबवून ठेव.

मी एक कागद लिहिला आणि वर गेले. मी खिडकीपाशी कधी जात नाही. सुतार साठीचा असेल, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. हातात नवा स्कॅन धरला होता. फुप्फुसात एक ठिपका दिसतोय, त्याने सांगितलं. सात वर्षांपूर्वी पडलो होतो तेव्हा छातीचा स्कॅन काढला होता. डॉक्टर म्हणाले, तो आणा. तेव्हाही ठिपका एवढाच असला तर घाबरायचं कारण नाही. नसला तर छाती उघडून बघावं लागेल.

"सापडत नाही म्हणतात या ताई," तो म्हणाला. "नीट शोधलं तर सापडेल का?"

खिडकीवरची मुलगी टेबलाकडे बघत होती.

"शोधून उपयोग नाही," मी म्हटलं. "तो हरवलेला नाही. मी पुसलाय. मागच्या मंगळवारी."

त्याला पटकन कळलं नाही. मग कळलं. तो ओरडेल असं मला वाटलं, मला ते हवंही होतं. त्याने फक्त नवा स्कॅन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मग आता डॉक्टर कसं ठरवणार?"

"अंदाजाने," मी म्हटलं. याच्यापेक्षा बरा शब्द मला सुचला नाही.

मी त्याला कागद दिला. त्याने तो वरून खालपर्यंत पाहिला, मग खिशातून फोन काढून आपल्या लेकीला लावला. थोडं बोलून त्याने फोन माझ्यापुढे धरला. "ती विचारतेय काय लिहिलंय. तुम्हीच वाचा, मला धड सांगता यायचं नाही."

मी तिथे उभ्याने वाचलं. मागे रांग होती. या रुग्णाचा छातीचा स्कॅन या तारखेला या हॉस्पिटलात काढला होता. तो सात वर्षं सुस्थितीत होता. साठवणुकीची जागा कमी पडल्यामुळे समितीच्या आदेशावरून तो मी पुसला. जागा कमी पडेल हे मी खरेदीच्या आधी सांगितलं होतं आणि नंतर लेखीही दिलं होतं. खाली माझं नाव, माझं पद, माझा फोन नंबर.

जिन्यावरून शिक्का उतरत होता. खाली येऊन तो माझ्या बाजूला उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, आत चला. इथे नको."

फोनमधून लेकीचा आवाज आला. "थांबा, एवढ्या भरभर नको. सावकाश सांगा, मी लिहून घेते."

मी कागद पुन्हा वर धरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.