एकोणपन्नासपर्यंत सिताबाई

“ताई, बोललं! पालवीवर बोललं!”

ज्ञानेश्वरीनं स्वतःचा हेडफोन काढून माझ्या कानावर दाबला. आतून सिताबाईंचा बालवाडीतला खणखणीत आवाज आला, “लक्ष दे गं. आता वाचते.” मी आनंदानं टेबलावर हात आपटला. चहा सांडला. सांडू दे!

ज्ञानेश्वरीला दिसत नाही. आज दुपारी धाराशिवला तिची टायपिंगची परीक्षा होती. पास झाली की वसतिगृहातली नोकरी पक्की. मजकूर ऐकून टाइप करायचा, म्हणजे मराठी धड वाचणारा कॉम्प्युटर हवा. परीक्षाकेंद्रावर सगळ्या मशीनवर ‘पालवी’ ही यंत्रणा होती, म्हणून महिनाभर मी पालवीच्या मागे लागले होते.

मी श्रीदेवी, बेंबळीच्या वाचनालयातली कॉम्प्युटरबाई. सिताबाई आमच्या बालवाडीच्या बाई. त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मी आधी ‘मोहर’वर बसवला. मोहर म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. कुणीही फुकट घ्यावी, उघडून सुधारावी. मला केवढं अप्रूप होतं त्याचं! मग मोहर बनवणाऱ्यांचं आपसात बिनसलं. कशावरून, तर पडद्यावरची पट्टी वर हवी की खाली. रुसलेल्यांनी ‘नवमोहर’ काढली. तिच्यातून ‘पालवी’ फुटली. सगळी भली माणसं, सगळी फुकट राबणारी, पण एकीवर केलेलं काम दुसरीवर चालेल तर शपथ! चार वर्षांत तोच आवाज मी तीनदा बसवला.

यापायी आकडे राहिले. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, एकेक बोलून घ्यावा लागतो. सिताबाई एकोणपन्नासपर्यंत आल्या आणि पहिली फाटाफूट झाली. “बाई, हे नवं बसवते, मग पन्नासपासून पुढं घेऊ,” मी म्हणाले. असं दोनदा म्हणाले. गेल्या माघात सिताबाई गेल्या. पन्नासपासून पुढच्या आकड्यांतले अंक आता कॉम्प्युटर सुटे सुटे वाचतो. याची मला अजून लाज वाटते.

साडेदहाला केंद्रावरून रणधीर सरांचा फोन आला.

“मॅडम, काल पुण्याची पोरं आली व्हती. समद्या मशीनवर ‘बहर’ टाकून गेली. पालवीतूनच निघालंय म्हणं. लई भारी हाय!”

माझ्या तोंडात जे आलं ते वाचनालयात बोलण्यासारखं नव्हतं.

“आता गं ताई?”

“आता काय! बाईंनाच घेऊन जायचं.”

मी वायरी उपसल्या, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि धावत एसटी गाठली. कंडक्टरनं मांडीवरच्या बोचक्याकडं पाहिलं.

“काय हाय त्यात?”

“सिताबाई हायेत,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“मग त्यांचं बी अर्धं तिकीट काढा की!”

आम्ही दोघी धाराशिवपर्यंत हसत होतो. डब्याला खड्डा लागू नये म्हणून मी पाय अधांतरी धरले होते. पोटऱ्या भरून आल्या, जशी काही परीक्षा माझीच.

रणधीर सर दारातच आडवे आले. “बाहेरचं मशीन चालत न्हाय, मॅडम.”

“तुमचं बोलत न्हाय, सर.”

त्यांनी डोकं खाजवलं, डबा तपासला, इंटरनेटची तार काढून ठेवली आणि स्वतः ज्ञानेश्वरीच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. “चला, करा सुरू.”

मी दारातून पाहत होते. तिची बोटं नुसती पळत होती! मधेच एकदा थबकली, ती हसली आणि बोटं पुन्हा पळाली. मजकुरात त्रेसष्ट विहिरी होत्या, हे नंतर कळलं. बाईंनी तिला ‘सहा, तीन’ सांगितलं असणार. तिला ती सवय होती. शेवटच्या घंटेआधी पाच मिनिटं तिनं काम संपवलं. मला ओरडावंसं वाटत होतं.

घाईत उठताना तिचा हात वायरीत अडकला. हेडफोनची पिन निसटली आणि शांत खोलीभर आवाज घुमला, “झालं का, बाळ? ऊठ आता. पाणी पी.”

हे वाक्य बाईंनी हट्टानं वाचनाच्या शेवटी घालायला लावलं होतं. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांची बोटं थांबली. ज्ञानेश्वरी ताठ उभी राहिली.

“व्हय, बाई,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. रणधीर सर उठले, कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरला आणि आणून तिच्या हातात दिला.