बदललेलं गाऱ्हाणं

आमची सून अपेक्षा दिवसभर खाटेवर पडून बिस्किटं खाते, हाक मारली की तोंड फिरवते. पोट सुटलेलं बघून मी देवळात नातवासाठी गाऱ्हाणं घातलं, वाडीभर सांगितलंसुद्धा!

काल डॉक्टरणीने सांगितलं, ती पोटुशी नाही. मन आजारी आहे, त्यातच वजन वाढलंय. अपेक्षा म्हणाली, "आये, कायच गोड लागना नाय, तरी खातंय."

पूर्वी ओहोटीला खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढताना हिचं हसणं पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. दोन वर्षं माझे कान त्यासाठी आसुसलेत.

आज देवळातून आले आणि तिसऱ्यांची रिकामी टोपली तिच्या खाटेवर ठेवली.

"गाऱ्हाणां बदललंय गो मी. नातू नको, माका तू होयी. जाडी रव नायतर बारीक. गोळी घे आणि चल खाडीर."